जिमखान्यातून गल्ल्यावर : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, कॉलेजात एकापेक्षा जास्त खेळ खेळलेले आणि पुढे धंद्यात पडलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हा धागा. ‘खेळाने शिस्त लावली, संघभावना शिकवली’ हे सत्कार समारंभात ऐकून झालंय. इथे नेमकं लिहा. काय कामाला आलं, काय नडलं, कुठे पैसे बुडाले.

सुरुवात मी करतो. पुण्यात कॉलेजला खो-खो आणि कबड्डी. शिवाय पीडी (शारीरिक शिक्षणाच्या) सरांना रिलेला चौथा गडी मिळायचा नाही म्हणून 400 मीटरही पळायचो. तिन्हीत कधीच पहिला नव्हतो. खो-खोच्या यादीत बारा नावं, मैदानात उतरणार नऊ. उरलेल्या तिघांत मी दोन वर्षं काढली. राखीव खेळाडूला काम काय? पाणी देणं, किटबॅगा राखणं आणि बघत बसणं. एका सामन्यात आमच्या कॅप्टनच्या पाठीवरचा 7 वरून उकलला आणि लोंबायला लागला. लांबून तो 1 दिसायचा. पंच यादीत 1 नंबर शोधतायत, आणि खरा 1 नंबर माझ्या शेजारी बसून केळं खातोय!

आज मी जर्सी छापतो. तेव्हाचे आकडे चिकटवलेले असायचे. सब्लिमेशनमध्ये रंग उष्णतेने पॉलिएस्टरच्या धाग्यातच उतरतो, त्यामुळे उकलायला काही उरतच नाही. सुती कापडावर मात्र हे जमत नाही, तरी दर महिन्याला एक जण ‘कॉटनमध्ये द्या’ म्हणून येतोच. पहिली मोठी ऑर्डर एका कॉलेजची होती. माल दिला फेब्रुवारीत, चेक आला ऑगस्टमध्ये. कबड्डीत चढाई तीस सेकंदांत संपते, तिथे वाढलेल्या माणसाला सहा महिने वाट बघणं किती जड जातं ते अनुभवलं.

* * *

मी तासगावची. खो-खो, कबड्डी आणि लांब उडी; विद्यापीठाच्या संघात मात्र फक्त खो-खोला. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी खेळते’चं ‘खेळायची’ झालं. ते मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असताना ऐकलं.

सासरी द्राक्षबाग. भाव पडला त्या वर्षी सगळा माल शेडवर टाकून बेदाणा केला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पुढे आजूबाजूच्यांचाही माल घ्यायला लागले आणि सौद्याला स्वतः जायला लागले. तिथे बायका कमीच. पहिल्या दिवशी एका दादांनी विचारलं, ‘वहिनी, मालक कुठायत?’ मी म्हटलं, ‘शेडवर, माल हलवतायत.’ खरंच हलवत होते.

खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा धरली की मध्येच उलटं फिरता येत नाही, पार खांबापर्यंत जाऊन वळावं लागतं. त्यामुळे उठण्याआधीच पळणारा कुठे जाणार ते त्याच्या खांद्यावरून ओळखायची सवय लागते. सौद्यात बोली तोंडातून गेली की गेली. म्हणून मी माल बघायच्या आधी समोरच्या व्यापाऱ्याचा हात बघते. मूठभर बेदाणा दाबून सोडला आणि तो मोकळा झाला नाही तर माल ओला. अशी मूठ तो दुसऱ्यांदा दाबायला गेला की समजायचं, त्याला शंका आलीय. मग मी थांबते.

गुडघे? ते गेलेच. मातीवर घासलेले गुडघे पन्नाशीत जिना चढू देत नाहीत. ते कोणी सत्कारात सांगत नाही.

* * *

नाशिक. कबड्डी, व्हॉलीबॉल. क्रीडा साहित्याचं दुकान आहे, माल बहुतेक मेरठ-जालंधरचा. एकच किस्सा. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर आणि मॅट एक मीटर चौरस, म्हणजे नुसत्या मैदानाला 130 मॅट लागणार. एका संस्थेकडे दुसऱ्याचं कोटेशन माझ्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. बघतो तर त्यात 100 मॅट. मी विचारलं, ‘उरलेल्या तीस मीटरवर काय, शेणाने सारवायचं?’ ऑर्डर मिळाली.

* * *

मी कोल्हापूरचा, फुटबॉल आणि हॉकी. माझं उलटं झालं, आणि तेही कोणीतरी लिहायला हवं. हाफटाइमला 0-2 असलो तरी परत येतो हा माज खेळानेच दिला. मित्रांबरोबर टर्फ, म्हणजे भाड्याने द्यायचं नकली गवताचं मैदान काढलं. पहिला उन्हाळा जोरात गेला. मग पाऊस. गवतात भरलेला काळा रबराचा चुरा वाहून गटारात गेला आणि गटार तुंबलं. शेजारी भडकले, रात्री दहानंतरचे दिवे बंद झाले. लोक खेळायला येतात तेच मुळी रात्री! दुसऱ्याच महिन्यात बंद करायला हवं होतं. मी दोन वर्षं पैसे ओतत बसलो, कारण मैदान सोडून जाणं माहीतच नव्हतं. शेवटी गवत कापून तुकड्यांनी विकलं. आमच्या चौकातल्या चहावाल्याच्या पायाखाली अजून त्यातला एक तुकडा आहे. आता टाइल्सचं दुकान आहे, बरं चाललंय.

* * *

सगळ्यांत म्हातारा मीच दिसतोय. परळ. कबड्डी, कॅरम, थोडं बॅडमिंटन. खेळाडू म्हणून बँकेत लागलो, ऑफिसच्या टीममधून चढाया करायच्या आणि पगार घ्यायचा. साल 1983. गिरणी संपाला वर्ष उलटलेलं, वडील घरी बसलेले, आणि मी म्हणालो, नोकरी सोडतो, तयार कपड्यांचं दुकान काढतो.

पटवायला मी नंदू नाटेकरांचा दाखला दिला. सांगलीचे नाटेकर आधी टेनिस खेळत. कुमार गटात रामनाथन कृष्णनकडून हरले, बॅडमिंटनकडे वळले आणि 1956 ला क्वालालंपूरची स्पर्धा जिंकून आले. वडील म्हणाले, ‘ते दुसरा खेळ खेळले. त्यांनी चड्ड्या विकायला नाही काढल्या.’ पुढे चार महिने आमचं बोलणं बंद. मग एका दिवाळीत गर्दी आवरेना, तेव्हा ते न सांगता आले आणि गल्ल्यावर बसले. शेवटपर्यंत तिथेच बसत.

विद्यापीठाच्या संघातून खेळल्याबद्दल मिळालेला कलर कोट दुकानात हॅंगरवर आहे, बटणं काळी पडलीत. परवा एका गिऱ्हाईकाने त्याचा भाव विचारला. मी त्याला शर्ट दाखवले.