अॅम्बॅसेडर भारी की आजची छोटी गाडी?

बरेच जण म्हणतात की जुनी अॅम्बॅसेडर म्हणजे अस्सल लोखंड आणि आताची छोटी हॅचबॅक म्हणजे पत्र्याचा डबा. मला हे पटत नाही. जाड पत्रा धडकेत सहज वाकत नाही, म्हणून तो हादरा थेट आतल्या माणसांना बसतो. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवलेला असतो. शिवाय एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. यवतमाळ-नागपूर रस्त्यावर रात्री अचानक रोही (नीलगाय) आडवी आली, तर एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबूनही स्टिअरिंग हातात राहतं. मला तरी हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पण शेताकडे जाणाऱ्या कच्च्या पांदण रस्त्यावर अॅम्बॅसेडरच. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा भार निमूट सोसतात, मागे माणसं बसली की ओढणाऱ्या मागच्या चाकांना पकड मिळते, आणि इंजिन कोणताही जाणता मिस्त्री उघडतो. मूळ घडण १९५०च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीची, उत्पादन थेट २०१४पर्यंत! काळ्या मातीत पाऊस पडल्यावर मात्र दोन्ही गाड्या घरीच ठेवा, तिथे ट्रॅक्टरच चालतो.

रोज तालुक्याला जाणं असेल तर नवी छोटी गाडीच घ्या. मे महिन्यात एसी लागतोच, आणि पेट्रोलचा खर्चही बराच कमी येतो.