विषद्रव्यांच्या तपासणीचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: आमच्या जुन्या घराचा रंग खरवडायचं काम चालू आहे, धूळ सगळीकडे. मुलगी दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालते. एका लॅबने केस आणि लघवीतून शिसं, पारा, प्लास्टिकमधली रसायनं सगळं एकदम तपासायचं पॅकेज सुचवलंय. करून घेऊ का? खूप काळजी वाटतेय.

उत्तर: ताई, पॅकेज राहू द्या. मी लॅबमध्येच काम करते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगून मुलीच्या रक्तातलं शिसं आधी तपासा. बोट टोचून घेतलेल्या रक्तात आकडा जास्त आला तर घाबरू नका, बोटावरची धूळही त्यात मिसळते. शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी २०२१ पासून लहान मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही संदर्भपातळी धरते, म्हणजे आकडा त्याहून जास्त आला तर लक्ष द्यायचं. ती सुरक्षित पातळी मात्र नव्हे. केसांवर बाहेरची धूळ बसते, त्यामुळे तो अहवाल भरवशाचा नाही. आणि प्लास्टिकमधलं बीपीए हे रसायन बहुतेक एका दिवसात लघवीवाटे निघून जातं, एका नमुन्यावरून काय कळणार?

दुसरं उत्तर: आधी शरीरातले धातू बाहेर काढणारं औषध देऊन मग लघवी तपासतात, ते तर अजिबात नको. त्या औषधाने निरोगी माणसाच्याही लघवीत धातू वाढलेले दिसतात.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. काम आजच थांबवते. धुळीचं काय करू?

उत्तर: कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलीचे हात वरचेवर धुवा. साफसफाई होईपर्यंत तिला तिथे आणूच नका.