पृथ्वीला माणूस नावाचा रोग झालाय म्हणणारा राक्षस: त्याला उत्तर कोणी देतच नाही

बोरूबहाद्दर
सिनेमा, कॉमिक्स, गेम, कुठेही बघा, हा व्हिलन ठरलेला. माणसाच्या चौपट उंच, अंगावर खवले नाहीतर डोक्याला शिंगं, खर्जातला आवाज आणि म्हणणं एकच, की पृथ्वी आजारी आहे आणि तिचा आजार म्हणजे तुम्ही लोक. हिरो साखळदंडात, मागे शहर जळतंय, आणि हा मात्र मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसा शांतपणे जंगलं किती गेली, समुद्र किती तापले ते सांगतोय. मग हिरो साखळी तोडतो, "पण आमच्यात प्रेम आहे" टाइप एक डायलॉग मारतो आणि ठोसा. खेळ खल्लास.

आता मला सांगा, उत्तर कुठे दिलं? जंगलं गेलीच आहेत ना? तोच मुद्दा चष्मा लावलेल्या एखाद्या प्राध्यापक बाईंनी मांडला असता तर आपण माना डोलावल्या असत्या. म्हणून मग त्याला कुरूप करायचं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर इंटरव्हलनंतर त्याच्या हातून एखादं लहान मूल मारून घ्यायचं, म्हणजे प्रेक्षक सुटला, विचार करायला नको. ही चीटिंग आहे लेखकांची. तो निदानात बरोबर आणि उपायात चूक, एवढं तरी मान्य करा. बोला.

ढगफुटी
असहमत. निदानच चुकलंय.

"माणूस" म्हणून कोणीतरी एकच इसम आहे आणि त्यानेच सगळं केलं, इथूनच त्याचं भाषण सुरू होतं. जगातली सगळ्यात श्रीमंत १०% माणसं मिळून जवळजवळ निम्मा कार्बन सोडतात आणि खालच्या निम्म्या लोकसंख्येचा वाटा जेमतेम एकदशांशाच्या आसपास. हा सगळ्यांना एका माळेत ओवतो आणि आपण म्हणायचं वा काय मुद्दा आहे.

दुसरं म्हणजे माणसांना रोग, किडे म्हणणारे खरेखुरे लोक होऊन गेलेत आणि त्यांना शिंगं नव्हती. नाझी ज्यूंना जंतू म्हणायचे. रवांडात १९९४ मध्ये रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणत होते आणि साधारण शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली, बहुतेक अंदाज आठ लाखांच्या आसपासचे आहेत. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. एकदा समोरचा रोग ठरला की मारणारा आपोआप डॉक्टर. त्यामुळे त्या राक्षसाचं भाषण मला काही खोल बिल वाटत नाही, ऐकलेलं वाटतं.

बोरूबहाद्दर
@ढगफुटी अहो पण ते लोक एका जमातीला वेगळं काढून मारत होते. आपला राक्षस भेदभाव करत नाही, राजा काय रंक काय, सरसकट. हा फरक तुम्ही सोयीस्कर विसरताय.

ढगफुटी
सरसकट मारतो म्हणून समतावादी? कैच्याकै! महापूर येऊ द्या, साथ येऊ द्या, दुष्काळ येऊ द्या, सगळ्यात आधी कोण मरतं ते बघा. ज्याच्याकडे विमान आणि तळघर आहे तो शेवटपर्यंत टिकणार. म्हणजे राक्षसाने अगदी डोळे मिटून मारलं तरी ज्यांनी कमी नासधूस केली तेच आधी जाणार.

आडवातिडवा
मला एकच शंका. हा दोनशे फुटी गडी रोज खातो काय? आग ओकतो, डोंगर फोडतो, अर्धं शहर पेटवून धुराचे लोट काढतो, तो कार्बन कोणाच्या खात्यात धरायचा? (हलके घ्या.)

खडकसिंग
पृथ्वी आजारी वगैरे काही नाहीये हो. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी हवेत ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली, तेव्हाच्या बहुतेक जिवांसाठी ते विष होतं. २५ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात ज्वालामुखी असे काही फुटले की समुद्रातल्या जवळपास ९०% प्रजाती साफ. पृथ्वी आहे तिथेच. राक्षसाच्याच व्याख्येने बघितलं तर पहिला रोग म्हणजे ते सूक्ष्मजीव, आणि त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजनवरच हा भाषण ठोकतोय.

रानवाट
@खडकसिंग हे उत्तर मला कधीच पटत नाही, राग नसावा. पृथ्वीला काही फरक पडत नाही हे खरं, पण मुद्दा दगडाधोंड्यांचा नव्हताच, मुद्दा तिच्यावर राहणाऱ्यांचा आहे. ज्वालामुखीला माहीत नव्हतं तो काय करतोय. आपल्याला माहीत असतं.

मी बोरूबहाद्दरांच्या बाजूने आहे आणि त्यासाठी एकच गोष्ट सांगते. १७४१ मध्ये विटस बेरिंग या दर्यावर्दीचं जहाज एका ओसाड बेटावर फुटलं, तिथे गेऑर्ग स्टेलर या निसर्गअभ्यासकाला एक प्राणी दिसला, समुद्रगाय म्हणतात तिला. सात-आठ मीटर लांब, काठाजवळ शेवाळ खात फिरणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, इतकी गरीब की हात लावू द्यायची. स्टेलरने लिहून ठेवलंय की मादीला आकडा मारून दोरीने किनाऱ्याकडे ओढली की नर मागे मागे यायचा, त्याला फटके मारले तरी हटायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांस कापायला गेले तर तो तिथेच. तिसऱ्या दिवशीही. हा प्राणी माणसाच्या नजरेला पडल्यापासून सत्तावीस वर्षांत, म्हणजे १७६८ पर्यंत, संपला. एक पिढी.

आणि आजचा हिशोब बघा, २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं एकत्र वजन काढलं होतं. त्यात माणसं ३६%, आपली गुरंढोरं, डुकरं वगैरे ६०%, आणि रानातले नि समुद्रातले मिळून सगळे ४%. हत्ती देवमासे धरून चार टक्के! हे आकडे राक्षसाच्या तोंडी घाला आणि मग हिरोला उत्तर द्यायला सांगा. प्रेम बिम नको, उत्तर.

ढगफुटी
रानवाट, गोष्ट पोचली, पण ती अर्धीच सांगितलीत. बेरिंगची माणसं स्कर्व्ही नावाच्या आजाराने पटापट मरत होती, खुद्द बेरिंगही त्याच बेटावर गेला. उरलेल्यांनी उपाशीपोटी समुद्रगाय मारून खाल्ली, मला त्यांना रोग म्हणवत नाही. त्या जगल्या वाचलेल्यांनी समुद्री ऊदमांजरांची कातडी परत नेली, त्या कातड्यांना बाजारात भाव मिळाला, आणि मग त्या भावापायी दरवर्षी जहाजं यायला लागली आणि येताजाता वाटेत समुद्रगाईंचं मांस भरून घ्यायला लागली. संपवलं ते कातडी विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी. अख्खी मानवजात कुठून आली यात?

मितभाषी
बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. तुम्ही सगळे याला आधुनिक व्हिलन समजताय पण हा फार म्हातारा आहे, आणि पूर्वी हा व्हिलन नव्हताच, देव होता. मेसोपोटेमियातली अत्राहासिसची कथा घ्या, पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर आहे, त्यात माणसं इतकी वाढतात आणि इतका कालवा करतात की एन्लिल देवाची झोप उडते, मग तो आधी साथ पाठवतो, मग दुष्काळ, आणि शेवटी पूर. ग्रीकांकडे सायप्रिया नावाचं एक काव्य होतं, आता तुकडेच उरलेत, त्यात ट्रॉयचं युद्धच मुळी झ्यूसने लावलं ते पृथ्वीवरचा माणसांचा भार हलका करायला. आणि आपल्या भागवतात दशमस्कंधाच्या सुरुवातीलाच पृथ्वी गाईचं रूप घेऊन रडत रडत ब्रह्मदेवाकडे जाते, भार सोसवत नाही म्हणून. पुढे काय ते सगळ्यांना पाठ आहे.

म्हणजे बघा हं, गणित तेच, पण वरून कोणी केलं की ते भूभारहरण आणि आपण हात जोडतो, शिंगवाल्याने केलं की ते राक्षसी. बोरूबहाद्दर म्हणतात लेखक त्याला कुरूप करून पळवाट काढतात, मी तर म्हणतो आपण देवाकडून ते खातं काढून घेतलं आणि ते चालवायला कोणीतरी हवा म्हणून राक्षस नेमला.

अवांतर: माझा आयडी मी निवडलेला नाही, मित्राने निवडलाय.

आडवातिडवा
हसून हसून पुरेवाट. मित्राला दंडवत.

ढगफुटी
मितभाषी, दाखल्याबद्दल धन्यवाद, माझंच काम केलंत. भागवतात भार कोणाचा होता ते पूर्ण सांगा की! माजलेल्या राजांचा आणि त्यांच्या सैन्यांचा, राजाचा वेष घेतलेले दैत्य म्हटलंय त्यांना. गुराखी, शेतकरी, बायाबापड्या यांचा भार झालाय अशी तक्रार घेऊन पृथ्वी गेली नव्हती. पुराणकारांना जे कळत होतं ते या दोनशे फुटी विचारवंताला कळत नाही.

मितभाषी
पण मेले कोण? युद्धात अठरा अक्षौहिणी गेल्या, त्यातले सगळे काय राजे होते? साधा सैनिकच मेला ना. तक्रार राजांची, हिशोब सगळ्यांच्या नावावर. तुमच्या "आधी कोण मरतं" याच मुद्द्यावर येऊन पडलात.

पेन्सिलचं टोक
मी थोडंफार लिहितो, म्हणून लेखकांच्या बाजूने बोलतो. त्याच्या मुद्द्याला उत्तर देत नाहीत कारण मुद्दा कच्चा असतो आणि उत्तर दिलं तर पिक्चर वीस मिनिटांत आटपेल.

या राक्षसांचं लाडकं माप म्हणजे निम्मे मारा. बरं, आज ८०० कोटी आहोत (२०२२ च्या नोव्हेंबरात झालो), निम्मे केले तर ४०० कोटी. ४०० कोटी आपण १९७४ मध्ये होतो! म्हणजे विश्वातली एवढी मोठी कत्तल करून याने काय मिळवलं तर पन्नास वर्षांपूर्वीची लोकसंख्या. तेव्हा काय नद्या स्वच्छ होत्या? देवमासे सुखात होते? युरोपात १३४७ पासून चारपाच वर्षांत प्लेगने एकतृतीयांश ते निम्मी माणसं नेली, पडीक शेतांवर जंगलं परत आली, आणि दीडदोनशे वर्षांत युरोप पुन्हा भरला आणि ती जंगलंही पुन्हा तुटली. उलट कोणालाही न मारता काय झालं बघा, १९६० च्या दशकात जगात एका बाईमागे सरासरी पाच मुलं होती, आज सव्वादोनच्या आसपास. मुली शिकल्या, बाळं जगायला लागली, गर्भनिरोधकं मिळाली. पण नर्स, शाळा आणि गोळ्या यांच्यावर कोण ॲक्शनपट काढणार.

आणि खरा व्हिलन तुम्हाला ओळखूच येणार नाही. थॉमस मिजली नावाचा अमेरिकन इंजिनिअर, १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचा शोध याचा, आणि ते दशक संपता संपता फ्रीजसाठी सीएफसी वायू तोही याचाच. शिशाने किती पिढ्यांच्या मेंदूचं नुकसान झालं, सीएफसीने ओझोनचा थर विरला. १९२४ मध्ये पत्रकारांसमोर या माणसाने ते शिशाचं द्रव्य हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याचा वास घेत उभा राहिला, बघा काही होत नाही म्हणून. त्याआधी त्याला स्वतःला शिशाची बाधा होऊन गेली होती! माणसांचा द्वेष? छे, पदकं मिळाली त्याला माणसांचं भलं केलं म्हणून. मला असा कोणी लिहून दाखवा. शिंगवाला सोपा आहे.

बोरूबहाद्दर
मिजलीचं उदाहरण भारीच पण ते माझ्या बाजूचं झालं. द्वेष नाही, वाईट हेतू नाही, तरी एका माणसाने हवेची अशी वाट लावली, मग राक्षस वेगळं काय सांगतोय? रोगालाही कुठे वाईट हेतू असतो.

खडकसिंग
रोग स्वतःची सभा बोलावत नाही पण. ओझोनला भोक पडलंय हे १९८५ मध्ये छापून आलं आणि १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, सगळ्या देशांनी सीएफसी बंद करत आणले, थर भरून येतोय. शिशाचं पेट्रोलही गेलं, शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये बंद केलं.

रानवाट
शंभर वर्षं लागली. टाळ्या वाजवायच्या का? सीएफसीला पर्याय तयार होता आणि तो विकूनही त्याच कंपन्यांना पैसे मिळणार होते म्हणून ते जमलं. कार्बनच्या सभा दरवर्षी होतात, आकडा वरच जातो.

आडवातिडवा
आता जरा सिरियसली. देवी हा रोग आपण १९८० मध्ये जगातून संपला म्हणून जाहीर केला. विसाव्या शतकात कोट्यवधी माणसं मारलेला रोग, बरं का. तरी त्याचा विषाणू आजही दोन प्रयोगशाळांत जपून ठेवलाय, एक अमेरिकेत एक रशियात, आणि तो कायमचा नष्ट करावा का नाही यावर कित्येक वर्षं नुसत्या बैठका चालल्यात. खऱ्या रोगाला सुद्धा आपण एवढी सुनावणी देतो. राक्षस महाराज आपल्याला रोग म्हणतात तर निदान रोगाला मिळते तेवढी तारीख पे तारीख तरी द्या.

ढगफुटी
अनुमोदन. पहिल्यांदाच.

रानवाट
विनोद छान, पण माझ्या समुद्रगाईला उत्तर मिळालेलं नाही. कातडीवाले म्हणा, बाजार म्हणा, कोणीही म्हणा, ती गेली आणि विचारायला कोणी आलं नाही.

पेन्सिलचं टोक
मग त्या नरालाच व्हिलन करा ना! तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर थांबलेला तो. त्याला मानवजात, पृथ्वी, समतोल, यातलं काही माहीत नाही. त्याला फक्त ती बोट माहीत आहे. तो मोठा होत जातो, आणि बोटी ओळखतो. भाषण शून्य. असा राक्षस मी लिहायला घेईन.

ढगफुटी
त्या बोटीतल्या माणसांपुरता असेल तर मी त्याच्या बाजूने. पुढच्या भागात दुसऱ्याच बंदरातल्या कोळ्यांची होडी उलटवली की पुन्हा विरोधात.

बोरूबहाद्दर
त्याला होडीहोडीतला फरक कसा कळणार पण?

ढगफुटी
तेच तर लिहायचंय पेन्सिलरावांना. कळवा झालं की, वाचू आणि भांडू.