मदत हवी आहे: लाकूड कापायच्या १० इंची मायटर सॉवर एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) पाइप आणि ॲल्युमिनियम सेक्शन कापता येईल का?

धायरीकर

नमस्कार मंडळी,

घरच्या कामासाठी धातू कापायचा आहे आणि हाताशी मशीन लाकूड कापायचं आहे. सगळी माहिती एकदाच देतो, म्हणजे उलट विचारावं लागणार नाही.

मशीन: १० इंची (२५५ मिमी) स्लायडिंग मायटर सॉ (फिरतं ब्लेड वरून खाली आणून सरळ किंवा कोनात कापणारं मशीन), १,८०० वॅट, लोड नसताना ४,८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ब्लेडचं भोक २५.४ मिमी. सध्या ६० दातांचं लाकडाचं ब्लेड चढवलेलं आहे.

काम १: वर्कबेंचची फ्रेम, १,२०० × ६०० मिमी, उंची ८५०. एमएस चौकोनी पाइप ४० × ४० × २ मिमी. वरची चौकट ४५ अंशात जोडायची आहे. तुकडे असे: १,२०० चे दोन आणि ६०० चे दोन (बाहेरच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत), पाय ८१० चे चार, खालचे आडवे ५२० चे दोन आणि १,१२० चा एक.

काम २: खिडक्यांच्या जाळीच्या चौकटी. पोकळ ॲल्युमिनियम सेक्शन, भिंतीची जाडी सव्वा मिमीच्या आसपास, १६ तुकडे, सगळे ४५ अंशात.

एका हार्डवेअरच्या दुकानात सांगितलं, याच मशीनला १० इंची कटिंग चाक (दाते नसलेलं, घासून कापणारं दगडी चाक) लावा, दोन्ही कामं निघतील. चाकाचं भोकही जुळतं. माझे प्रश्न:

१) हे चाक लावणं बरोबर आहे का?
२) चाकाऐवजी दोन्ही धातूंना चालेल असं एकच कार्बाइड ब्लेड (दात्यांना कार्बाइडची कडक टोकं असलेलं) घेतलं तर?
३) दोन्ही नाही म्हणाल, तर एमएस कशावर कापू? जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग किंवा बाल्कनी.

दोन सूत

ते चाक लावू नका. भोक जुळलं म्हणजे मशीन जुळलं असं होत नाही.

आरपीएमवर अडू नका. १० इंची चाकावर ८० मीटर प्रतिसेकंद ही कमाल गती लिहिलेली असेल, तर ते जवळपास ६,००० आरपीएमपर्यंत चालतं. तुमचं मशीन ४,८०० ला फिरतं. म्हणजे कागदावर चाक सुरक्षित दिसतं आणि इथेच लोक फसतात. खरी अडचण गार्डची आहे. मायटर सॉचा खालचा गार्ड पातळ प्लॅस्टिकचा असतो आणि हँडल खाली नेलं की तो उघडतो. हात दात्यांना लागू नये एवढंच त्याचं काम. चाक फुटलं तर तुकडे अडवायची ताकद त्यात नसते. चॉप सॉचा (कटिंग चाकाने लोखंड कापायसाठीच बनवलेल्या मशीनचा) वरचा गार्ड पत्र्याचा किंवा ओतीव असतो तो याचसाठी.

दुसरी गोष्ट ठिणग्यांची. चाकाच्या ठिणग्या सरळ मागे जातात, आणि तुमच्या मशीनच्या मागे भुश्याची नळी आणि पिशवी आहे. भुसा लगेच भडकला नाही तरी आतल्या आत धुमसतो. काम आवरून मशीन कपाटात गेल्यावर तासाभराने धूर दिसतो. टेबलाच्या फटीतली प्लॅस्टिकची पट्टी वितळते. चाकाची बारीक भुकटी आणि लोखंडाचा चुरा मोटारीच्या हवेबरोबर आत ओढला जातो, बेअरिंग आणि कार्बन ब्रश खातो.

आता ॲल्युमिनियम. दगडी चाकाने ॲल्युमिनियम कापूच नये, कुठल्याच मशीनवर. मऊ धातू चाकाच्या कणांमध्ये भरतो, चाक गुळगुळीत होतं, कापायचं सोडून नुसतं घासत बसतं, तापतं, आणि त्या उष्णतेने फुटू शकतं. शिवाय ॲल्युमिनियमची भुकटी, लोखंडाचा गंज आणि ठिणगी हे तिन्ही एका ठिकाणी साठू देऊ नका. रेल्वेचे रूळ जोडायचं थर्मिट मिश्रण ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडचंच असतं.

प्रश्न २ चं उत्तर आकड्यात देतो. २५५ मिमी ब्लेड ४,८०० आरपीएमला फिरलं की दात्याचा वेग सेकंदाला साधारण ६४ मीटर होतो. दात्यांच्या ब्लेडने स्टील कापणारी ३५५ मिमीची ड्राय कट मशीन १,३०० आरपीएमच्या आसपास चालतात, म्हणजे दात्याचा वेग सेकंदाला २४ मीटर. तुमचं मशीन त्याच्या अडीचपटीहून जास्त वेगाने दाता स्टीलवर आपटणार. कार्बाइड कडक असतं, पण ठिसूळ. त्या वेगात टोक लाल होतं, तडकतं, उडतं. एक दाता गेला की पुढच्यावर दुप्पट मार, मग तोही जातो. ब्लेड पाइपात अडकून पाइप फेकला गेला तर बोटं वाचवायला वेळ मिळत नाही.

थोडक्यात, ॲल्युमिनियम तुमच्या मशीनवर होईल, ब्लेड बदलून. एमएस होणार नाही.

काटकोन

वर सांगितलंय ते बरोबर. ॲल्युमिनियमची बाजू मी लिहितो.

ब्लेड: १० इंची, नॉन-फेरससाठीचं (लोखंड नसलेल्या धातूंसाठीचं), ट्रिपल चिप (एकाआड एक कडा तासलेल्या) दात्यांचं, दाते ८० ते १००. तुमची भिंत सव्वा मिमी आहे, म्हणून १०० घ्या. हुक अँगल (दाता पुढे-मागे किती झुकलाय तो कोन) उणे ५ किंवा ६ अंश हवा, हे ब्लेडवर किंवा पाकिटावर छापलेलं असतं. लाकडाच्या ब्लेडचा दाता बहुधा पुढे झुकलेला असतो, तो पातळ सेक्शनला चावतो आणि स्वतःकडे ओढतो. उणे कोनाचा दाता खरवडत जातो, ओढत नाही. पुण्यात बोहरी आळीत (हार्डवेअरच्या बाजारात) मागताना नुसतं 'ॲल्युमिनियमचं ब्लेड' म्हणू नका, हुक अँगल विचारा. ब्लेडवरचा कमाल आरपीएम ४,८०० पेक्षा जास्त आहे हे स्वतः वाचा. भोक ३० चं मिळालं तर सोबत २५.४ ची रिंग मूळ पाकिटातली आणि घट्ट बसणारी हवी. पत्र्याची पट्टी गुंडाळून भोक भरायचं नाही.

ब्लेड बदलताना प्लग काढायचा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. बहुतेक मायटर सॉचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो, त्यामुळे ढिला करताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. दात्यांची दिशा गार्डवरच्या बाणाशी जुळवा.

कापण्याआधी भुश्याची पिशवी काढा, नळी आणि टेबलाची फट व्हॅक्यूमने किंवा ब्रशने कोरडी साफ करा. ॲल्युमिनियमच्या ठिणग्या उडत नसल्या तरी चिप गरम असते.

पकड ही या कामातली निम्मी गोष्ट आहे. सेक्शन फेन्सला (टेबलावरच्या मागच्या उभ्या पट्टीला) टेकवून मशीनच्या क्लॅम्पने दाबा. क्लॅम्प आणि सेक्शनच्या मध्ये लाकडाचा तुकडा ठेवा, नाहीतर पोकळ सेक्शन चेपतं आणि ४५ चा जोड कधीच बसत नाही. जमलं तर पोकळीत सैलसर बसणारी लाकडी पट्टी सरकवा, कापली गेली तरी चालेल. क्लॅम्प एकाच बाजूला. पडणारा तुकडा मोकळा हवा. १६ तुकडे एका मापाचे करायला लोक पडणाऱ्या बाजूला स्टॉपर (माप ठरवणारा अडवा ठोकळा) लावतात, ते धोक्याचं आहे. कापून सुटलेला तुकडा स्टॉपर आणि ब्लेड यांच्यात अडकतो आणि फेकला जातो. स्टॉपर नेहमी क्लॅम्पच्या बाजूला.

सेक्शन अरुंद असल्यामुळे स्लाइड मागे नेऊन लॉक करा आणि वरून खाली कापा. ब्लेड पूर्ण वेग घेईपर्यंत थांबा, मग टेकवा. भिंतीला लागताना आणि सुटताना हलका हात, मधे एकसारखा दाब. घाबरून अर्ध्यात थांबलात तर ब्लेड घासतं, ॲल्युमिनियम वितळून दात्यांना चिकटतं आणि पुढचा काप खरखरीत येतो. कापून झालं की स्विच सोडा, ब्लेड खालीच थांबू द्या, मग हँडल वर. फिरतं ब्लेड वर घेताना कापलेल्या तोंडाला दाता लागतो आणि तुकडा उडतो.

हात ब्लेडपासून किमान सहा इंच दूर. तुकडा त्याहून आखूड हवा असेल तर हाताने धरून कापू नका, लांब पट्टीच्या टोकातून कापा.

धायरीकर

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. ब्लेडला रॉकेल लावतात असं ऐकलं, ते ठीक आहे का? आणि हातमोजे घालावेत का? चिप्स फार बोचतात.

काटकोन

रॉकेल नको. तुमच्या मशीनची मोटार कार्बन ब्रशची असेल तर आत सतत बारीक ठिणगी असते, आणि फिरतं ब्लेड रॉकेलचा फवारा करून सोडतं. कटिंग वॅक्सची कांडी मिळते. प्लग काढून ती ब्लेडच्या दात्यांना दोन्ही बाजूंनी घासा, पाचसहा कापांनी पुन्हा. दात्यांवर पांढरट थर दिसला तर वॅक्स कमी पडतंय किंवा तुम्ही हळू कापताय.

हातमोजे ब्लेड फिरत असताना अजिबात नाहीत. सुती मोज्याचा एक धागा दात्यात गेला तर मागून बोट जातं. तुकडे उचलताना आणि कानस मारताना घाला. डोळ्यांना गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही. ॲल्युमिनियमची चिप गॉगलच्या वरच्या फटीतून आत शिरते. कानात प्लग. बाह्या मनगटाशी बंद, ओढणी किंवा गळ्यातली दोरी नको.

भोसरी पट्टा

एमएसचं उत्तर राहिलं होतं.

तीन मार्ग आहेत. पहिला, १४ इंची (३५५ मिमी) चॉप सॉ आणि कटिंग चाक. भाड्यानेही मिळतं. मशीनच्या पाटीवर ३,८०० च्या आसपास आरपीएम असतो आणि ८० मीटर प्रतिसेकंदाच्या ३५५ मिमी चाकाची मर्यादा ४,३०० असते, दोन्ही आकडे वाचून जुळवा. चाकाच्या मधल्या लोखंडी कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटून गेली असेल तर घेऊ नका. ओल लागलेलं, पडलेलं, काठ उडालेलं चाकही नको. पावसाळ्यात चाकं जमिनीवर ठेवू नका. नवीन चाक चढवल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामं फिरवा.

दुसरा, ड्राय कट मशीन. काप सरळ, थंड, ठिणग्या अगदी कमी. २ मिमी भिंतीला ८० ते ९० दातांचं ब्लेड. एक सापळा लक्षात ठेवा: हे ब्लेडही ३५५ मिमी आणि २५.४ भोकाचं असतं, त्यामुळे साध्या चॉप सॉवर व्यवस्थित चढतं. पण त्याची मर्यादा २,००० आरपीएमच्याही खाली असते. ३,८०० च्या मशीनवर ते लावणं म्हणजे दोन सूत यांनी वर सांगितलेलीच चूक, फक्त मोठ्या ब्लेडने.

तिसरा, आणि ११ तुकड्यांसाठी मी हाच धरेन: मापाची यादी देऊन पाइप कापूनच आणा. धायरी-नऱ्हे भागात फॅब्रिकेशनच्या शेड आहेत. यादीत मिमीच लिहा. बरेच कारागीर इंच-सुतात बोलतात, आणि एक सूत म्हणजे ३ मिमीहून थोडं जास्त. ८१० मिमी तोंडी सांगितलं की बत्तीस इंच होतं आणि पाय ८१३ चे येतात. चारही सारखे आले तर चालून जातं, दोन एका दिवशी आणि दोन दुसऱ्या दिवशी कापले गेले तर टेबल डगमगतं.

स्वतः कापणार असाल तर जागेबद्दल. पार्किंगमध्ये नको. दुचाकींच्या टाक्या पेट्रोलच्या, आणि ठिणगी तीन-चार मीटर सहज जाते. बाल्कनीतही नको: गरम लोखंडाचे कण खिडकीच्या काचेत रुतून बसतात, पुसून निघत नाहीत, आणि फरशीवर पडलेले कण पहिल्या पावसात गंजाचे डाग सोडतात. मोकळी गच्ची, सोसायटीची परवानगी, मशीनमागे उभा पत्रा, शेजारी वाळूची बादली. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका.

वीज: २,४०० वॅटचं मशीन दहा-अकरा अँपिअर घेतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका. १६ चं सॉकेट, अर्थिंग असलेलं, आणि एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमी वायरचं, रीळ पूर्ण उलगडून.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घेऊ नका. कापताना आणि त्याहून जास्त वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो, रात्री थंडी वाजून ताप येतो.

धायरीकर

ठरवलं. ॲल्युमिनियम माझ्या मशीनवर नवीन ब्लेडने, एमएस भाड्याच्या चॉप सॉवर गच्चीत. ९० चे तुकडे जमतील असं वाटतं. ४५ चे आठ काप चॉप सॉवर नेमके येतील का?

भोसरी पट्टा

पट्टीवरच्या खुणेवर विसंबलात तर येणार नाहीत. चॉप सॉच्या व्हाइसवरची (पाइप पकडणाऱ्या शिकंज्यावरची) कोनाची खूण ढोबळ असते. दुसऱ्या पाइपातून तुमचं अडीच मीटरच्या वर उरतं, त्यातून आधी दोन छोटे तुकडे ४५ ला कापा, तोंडाला तोंड लावा आणि आत गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) धरा. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला तरी कोपऱ्यात एक अंश होतो, आणि ६०० मिमीच्या बाजूला टोकाशी तो १० मिमी भरतो. गुण्यात फट दिसली तर व्हाइसचे बोल्ट ढिले करून जरासं फिरवा, पुन्हा दोन तुकडे. तीन-चार वेळा करावं लागतं. एकदा बसलं की बोल्ट कसा आणि आठही काप लागोपाठ घ्या, मधे ९० ला जाऊ नका.

४५ ला ४० मिमीचा पाइप चाकासमोर साडेछप्पन मिमी रुंद होतो. चाक पातळ असतं, जोर लावलात तर बाजूला वाकतं आणि काप वरून खाली तिरका येतो. मशीनचं वजन आणि थोडासा हात पुरे. आवाज दबला की हात सैल करा.

पूर्ण पाइप सहा मीटरचा, वजन १४ किलोच्या आसपास. लांबचं टोक व्हाइसच्या उंचीवर टेकवा. टोक लोंबलं तर पाइप तिरका होतो आणि चाक कापात अडकू शकतं. टोक वर असलं तरी तेच. पहिल्या पाइपातून १,२०० चे दोन आणि चारही पाय निघतात, ३ मिमी प्रति काप धरून शेवटी फूटभर उरतं. बाकी सगळं दुसऱ्यातून.

काटकोन

एक राहिलं. कापलेल्या तोंडाला आतून आणि बाहेरून बर (धातूची उरलेली धारदार कड) राहते, ती कानशीने काढल्याशिवाय गुण्या लावू नका. तो कोन पाइपाचा नसतो, बरचा असतो.