अफँटेझियाला ‘कल्पनाशून्यता’ म्हणावं का?

पुण्यातल्या शिक्षकांसाठी मानसशास्त्राची माहितीपुस्तिका लिहिते आहे. डोळे मिटल्यावर काहींच्या मनात चित्र उमटतच नाही, त्याला अफँटेझिया म्हणतात. मराठीत ‘कल्पनाशून्यता’ चालेल का?

▪ ताई, हा शब्द कृपया वापरू नका. उद्या एखाद्या मुलावर ‘कल्पनाशून्य’ असा शिक्का बसेल आणि तो धादांत खोटा असेल. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा म्हटलं, की बहुतेकांना दारावरचे अणकुचीदार खिळे पुसट का होईना, दिसतात. अफँटेझिया असलेल्यांना खिळे आहेत हे पक्कं ठाऊक असतं, दिसत मात्र काही नाही. अशी माणसं असतात हे इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं 1880 मध्येच नोंदवलं होतं. त्यानं लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं होतं. अफँटेझिया हे नाव ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ अॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दिलं. अॅनिमेशनपटांत आयुष्य घालवलेले, पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांनाही मनात चित्र दिसत नाही. त्यांना कल्पनाशून्य कसं म्हणायचं?

शिवाय ‘कल्पना’ कॢप् धातूपासून आली. त्यात रचण्याचा, जुळवण्याचा अर्थ आहे, बघण्याचा नाही. ‘मला आधी कल्पना द्यायची ना’ म्हणताना कुणी चित्र मागत नसतं.

रचणंच कोलमडतं ते वेगळ्या ठिकाणी. 2007 मध्ये लंडनमध्ये मेंदूसंशोधक हसाबिस, मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागाला इजा होऊन स्मृती गमावलेल्या पाच रुग्णांना नवे प्रसंग कल्पायला सांगितले. बहुतेकांना सुटे तुकडे सुचले, सलग दृश्य जुळेना. आठवणं आणि कल्पणं मेंदूत किती जवळ आहेत, ते इथे कळतं. तुमचा शब्द लावायचाच तर तिथे, आणि तोही जपून.

माझी सुचवणी: ‘मनःप्रतिमा-अभाव’.

▪ ‘मनःप्रतिमा’ उत्तम. पण ‘अभाव’ म्हटलं की पालकांना आजार वाटतो, आणि हा आजार नव्हे. ‘अप्रतिमा’ सुचलं होतं, पण ‘अप्रतिम’शी गल्लत होईल. मथळ्यात ‘अफँटेझिया’ तसंच ठेवा आणि मजकुरात ‘मनात चित्र न उमटणं’ लिहा.

▪ पटलं, तसंच लिहिते. उलट टोकाला, ज्यांना समोर असल्याइतकं लख्ख दिसतं, तो हायपरफँटेझिया. त्याला ‘अतिस्पष्ट मनःप्रतिमा’?

▪ ‘अति’ नको, दोष काढल्यासारखं होतं. ‘लख्ख मनःप्रतिमा’ म्हणा.