मदत हवी आहे: सॉटूथ ऑसिलेटरचा रीसेट शून्यापर्यंत पोहोचत नाही

कोपरीकर (ठाणे पूर्व):
ऑक्टेव्हला १ व्होल्ट या हिशेबाचा, करवतीच्या दात्यासारखी (सॉटूथ) लहर देणारा सिंथेसायझरचा व्हीसीओ (व्होल्टेजने सूर ठरणारा ऑसिलेटर) ब्रेडबोर्डवर आहे. सप्लाय ±१२ व्होल्ट. इंटिग्रेटर टीएल०७२, कपॅसिटर १ नॅनोफॅरड, कंपॅरेटर एलएम३११ (थ्रेशोल्ड ५ व्होल्ट), रीसेटला म्हणजे कपॅसिटर रिकामा करायला जे११२ (जेफेट, स्विच म्हणून). ३११ची पिन १ उणे १२ला. पिन ७ थेट गेटला, तिथून ग्राउंडला १०के पुल-अप (गेटला वर खेचणारा रेझिस्टर). सॉटूथ थेट ३११च्या पिन २ला (इनपुट).

लहर ५ व्होल्टपर्यंत नीट चढते, पण खाली येताना ०.९ व्होल्टवरच अडते. शिवाय ११० ते ८८० हर्ट्झ सुरात असताना ३५२०ला सूर ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतो. डीएसओ१३८ या छोट्या स्कोपवर रीसेटला २ मायक्रोसेकंद लागताना दिसतात. जेफेट दोनदा बदलला, फरक शून्य. काय तपासू?

नेरूळकर:
जेफेट बदलून फरक पडत नाही, म्हणजे दोष त्याला मिळणाऱ्या पल्समध्ये आहे. लहर ५च्या खाली सरकली की ३११ लगेच उलटायला लागतो. त्याच्या साधारण २०० नॅनोसेकंदांच्या विलंबात कपॅसिटर जेवढा रिकामा होईल तेवढाच होतो. त्यात १०के पुल-अपमुळे गेट हळू वर येतं, पण ३११ त्याला खाली मात्र झटक्यात ओढतो. म्हणजे जेफेट उशिरा चालू आणि लवकर बंद.

पुल-अप २.२के करा. सॉटूथ पिन २ला १०केमधून द्या. पिन ७वरून पिन २ला ४.७के आणि १०० पिकोफॅरड सिरीजमध्ये जोडा. आउटपुट उठलं की पिन २ला सुमारे ७ व्होल्टचा वरचा धक्का बसतो आणि तो ओसरून ५च्या खाली येईपर्यंत जवळपास ०.६ मायक्रोसेकंद जातात. जे११२चा ५० ओहम आणि १ नॅनोफॅरड यांना एवढा वेळ भरपूर आहे. खरा अडसर टीएल०७२चा: स्ल्यू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे ५ व्होल्ट उतरायला त्यालाच ०.४ मायक्रोसेकंद हवेत. म्हणून पल्स याहून छोटी ठेवू नका. ३११च्या पिन ५ आणि ६ एकमेकींना जोडा, ४ आणि ८ला अगदी लगत १०० नॅनोफॅरड लावा.

स्कोपवरच्या त्या २ मायक्रोसेकंदांवर विसंबू नका. डीएसओ१३८ची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ, त्याला स्वतःलाच वर-खाली व्हायला पावणेदोन लागतात. ट्यूनर जास्त खरं सांगतो: ६ सेंट म्हणजे ०.३५ टक्के, ३५२०चं आवर्तन २८४ मायक्रोसेकंदांचं, तेव्हा वाया जाणारा वेळ १ मायक्रोसेकंद. एक्स्पो जोडीच्या (व्होल्टेजचा घातांकी करंट करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरच्या) एमिटर रेझिस्टन्सचाही त्यात थोडा वाटा असतो.

या वाया वेळेवर उपाय फ्रँको भरपाईचा. कपॅसिटर आणि ऑप-अँपचं आउटपुट यांच्यामध्ये रेझिस्टर घाला. किंमत = वाया वेळ भागिले कपॅसिटर, म्हणजे इथे १के. २केचा मल्टिटर्न ट्रिमर सोयीचा. जेफेट मात्र फक्त कपॅसिटरवर आडवा राहू द्या. रेझिस्टर त्याच्या वाटेत आला तर रीसेट आणखी मंद होईल, ही चूक फार होते.

कोपरीकर:
पल्स लांबवताच तळ ०.०५ व्होल्टवर आला! पण सगळे सूर उतरले. आणि २७.५ हर्ट्झचा सूर पावसाची सर आली की चढतो.

नेरूळकर:
सूर उतरणारच. आधी लहर ४.१ व्होल्टची होती, आता ४.९५ची, म्हणजे वारंवारता १७ टक्के कमी. स्केलला (ऑक्टेव्हला १ व्होल्टच्या ट्रिमरला) हात न लावता नुसता पाया (मूळ सूर) पुन्हा लावा.

पावसाची तक्रार गळतीची आहे. २७.५ला एक्स्पो जेमतेम १३७ नॅनोअँपिअर ओढतो, त्यात १ नॅनोअँपिअरची भर पडली तरी साडेबारा सेंट चढतात. समिंग नोडच्या (इंटिग्रेटर ऑप-अँपचा उणे इनपुट, जिथे करंट येऊन मिळतो) शेजारच्या पट्टीत उणे १२ असेल तर ठाण्याच्या जुलैत ब्रेडबोर्ड एवढं सहज गळतं. जे११२च्या पिना ड्रेन, सोर्स, गेट अशा ओळीने येतात, आणि ड्रेन-सोर्स अदलाबदल चालते. म्हणून समिंग नोड ड्रेनला, म्हणजे गेटपासून लांबच्या टोकाला घ्या, कपॅसिटरचं दुसरं टोक मधल्या पिनला. नंतर पीसीबी कराल तेव्हा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. कपॅसिटर सीझिरोजी (स्थिर सिरॅमिक प्रकार) किंवा पॉलिस्टायरीनच, एक्स७आर (कमी स्थिर सिरॅमिक) नको.

स्केल २२० ते ८८०मध्ये लावून झाल्यावरच ३५२०ला फ्रँको ट्रिमर फिरवा, मग परत २२०वर येऊन तपासा. दोन-तीन फेऱ्या लागतील.