शार्प लेन्सने काढलेला सीएसएमटीचा फोटो खोटा का वाटतो?

गिरगावकर:
सीएसएमटीचा दर्शनी भाग समोरच्या फुटपाथवरून काढलाय. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर, २४ मेगापिक्सेल, ३५ एमएम प्राइम (झूम नसलेली) लेन्स, छिद्र एफ/५.६. दगडावरची नक्षी अगदी स्वच्छ आलीय, पण घुमट कापून आकाशावर चिकटवल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचा फोटो मऊ असूनही खरा वाटतो. लेन्स जास्तच शार्प आहे का?

परळचा_प्रिंटर:
लेन्सवर आळ घेऊ नका. फोटो १०० टक्के मोठा करून घुमटाची कड बघा. आकाशाच्या बाजूला पांढरी रेघ आणि दगडाच्या बाजूला काळी रेघ दिसली, तर तो शार्पनिंगचा हेलो. किट लेन्सची कड मुळातच पसरट असल्याने तिथे तेच शार्पनिंग खपून जातं.
रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंगची अमाउंट मुळातच ४० असते, ती २०-२५ वर आणा, रेडियस १.० ऐवजी ०.७. मग ऑल्ट दाबून मास्किंगचा (शार्पनिंग फक्त कडांपुरतं ठेवणारा) स्लायडर आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढा. क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव वाढवणारा स्लायडर) शून्य करा, घुमटाभोवतीचा रुंद उजळ पट्टा तिच्यामुळेच येतो.

काच_आणि_उजेड:
हेलो गेला तरी फोटो सपाट राहू शकतो. एमटीएफ आलेखात (लेन्स बारीक-जाड रेघा किती ठळक दाखवते त्याचा आलेख) मिलिमीटरला ३० रेघांचा वक्र बारीक नक्षी सांगतो, १० रेघांचा उठाव. माझ्या मते खरेपणा दुसऱ्यात जास्त आहे, आणि स्वस्त यूव्ही फिल्टर किंवा बोटांचे डाग नेमका तोच मारतात. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर बाष्प धरतं. ते पुसू नका, फराटे राहतात आणि बाष्प पुन्हा धरतं. गाडीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत घाला आणि बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावरच काढा.
शिवाय इमारतीचं तोंड पश्चिमेला. सकाळी नक्षी सावलीत असते. दुपारचं तिरकं ऊन आलं की कोरीवकाम उठून दिसतं.

गिरगावकर:
रेघ आहे, दोन पिक्सेलची. छिद्र एफ/१६ इतकं लहान ठेवून फोटो मऊ केला तर?

परळचा_प्रिंटर:
नको. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा) ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा, तुमचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. दगडाचा पोत जाईल, मग शार्पनिंग वाढवाल आणि हेलो परत येईल. एफ/५.६ ते एफ/८ मध्येच राहा. १२×१८ इंची प्रिंटमध्ये इंचाला ३३३ पिक्सेल पडतात, तिथे दोन पिक्सेलची रेघ हातभर अंतरावरून जेमतेम जाणवेल. मोबाइलवर मात्र ती जास्त बोचते, कारण फोटो लहान होताना बऱ्याचदा पुन्हा शार्प केला जातो. म्हणून एक्सपोर्ट करताना आउटपुट शार्पनिंग बंद ठेवा.